फ्री डिशसाठी कमी पैशात कोणता बॉक्स घ्यावा? (गावचं घर, दोन टीव्ही, दोन हजारांच्या आत)

धामणीकर यांचा प्रश्न:

संगमेश्वर तालुक्यातल्या घरी खासगी डीटीएच बंद करून डीडी फ्री डिश बसवायची आहे. सह्याद्री, बातम्या आणि जमलं तर क्रिकेट, एवढीच अपेक्षा. टीव्ही दोन. एक २१ इंची जुना पिक्चर ट्यूबवाला, मागे पिवळी-पांढरी-लाल भोकं. दुसरा ३२ इंची एलईडी, २०१९ सालचा, एचडीएमआय आहे. छपरावर खासगी कंपनीची डिश तशीच आहे. पावसाळ्यात लाईट जाते आणि घराच्या पूर्वेला माड आहेत.

दुकानात दोन बॉक्स दाखवले, एक साडेसहाशेचा आणि एक अकराशेचा. फरक विचारला तर "हा एचडी आहे" एवढंच उत्तर मिळालं. ऑनलाइन तर "अँटेनावर चालणारा, डिश नको" असाही बॉक्स दिसतो. बजेट सगळं मिळून दोन हजार. डीटीएचचाच जुना बॉक्स चालवता येईल का? एका डिशवर दोन्ही टीव्ही होतील का?

---

तरंगलांबी:

आधी अँटेनावाल्या बॉक्सचा निकाल लावू, कारण त्यात पैसे फुकट जातात. तो डीव्हीबी-टी२ म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाचा बॉक्स. दूरदर्शनने २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत ते सुरू केलं. आपल्याकडची त्यातली शहरं मुंबई आणि औरंगाबाद. जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२१-२२ मध्ये जवळजवळ सगळी बंद झाली, त्यामुळे संगमेश्वरात मासळीच्या काट्यासारखा तो जुना अँटेना चढवून हाती काही लागणार नाही.

मागची बाजू बघितली की हे दोन बॉक्स लगेच वेगळे ओळखता येतात. उपग्रहाच्या बॉक्सच्या सॉकेटला आटे असतात आणि बाजूला "एलएनबी इन" लिहिलेलं असतं (एलएनबी म्हणजे डिशच्या दांडीवरचं, सिग्नल पकडणारं डोकं). टी२ च्या बॉक्सचं सॉकेट गुळगुळीत, पिन नुसती दाबून बसवायची. ऑनलाइन फोटोत मागची बाजू दाखवली नसेल तर तो माल घेऊच नका.

आता साडेसहाशे की अकराशे. अकराशेचा घ्या, पण "एचडी" या शब्दासाठी नको. बॉक्सवर "डीव्हीबी-एस२" आणि "एमपेग-४" (किंवा "एच.२६४") ही दोन्ही नावं असायला हवीत; पहिलं उपग्रहाच्या प्रक्षेपणाच्या पद्धतीचं, दुसरं चित्र दाबून पाठवण्याच्या पद्धतीचं. स्वस्तातला बहुधा नुसता डीव्हीबी-एस आणि एमपेग-२ असतो. फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ मध्ये आणि काही एमपेग-४ मध्ये येतात. एमपेग-२ चा बॉक्स दुसऱ्या गटातल्या वाहिन्या यादीत आणतच नाही, नाहीतर नाव दिसतं, आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. मग माणूस डिश हलवत बसतो आणि चांगली बसलेली डिश बिघडवतो.

डीटीएचचा जुना बॉक्स विसरा. त्यातलं सॉफ्टवेअर त्याच कंपनीच्या उपग्रहाला आणि कार्डाला बांधलेलं असतं, वारंवारता स्वतः भरायची सोय बहुतेकांत नसते. डिश मात्र ठेवा, ६० सेंटिमीटरची असेल तर तीच चालेल. पत्रा चेपलेला नाही ना, एवढं बघा. काठावर दोरी आडवी-उभी ताणून धरा. दोन्ही दोऱ्या मध्यभागी जेमतेम एकमेकींना टेकल्या तर काठ सपाट आहे. त्यांच्यात बोटभर फट पडली तर डिश पिळली आहे, भंगारात द्या.

---

वऱ्हाडी_वायरमन:

दोन हजारांचा हिशोब करण्याआधी एलईडीच्या मागं वाकून पाहा भाऊ. तिथं आट्यांचं सॉकेट असेल आणि बाजूला "सॅटेलाइट" किंवा "१३/१८ व्ही" असं काही लिहिलेलं असेल, तर त्या टीव्हीतच ट्यूनर आहे आणि त्याला बॉक्स लागतच नाही. २०१९ च्या काही टीव्हींत हे आहे अन् घरच्यांना पत्ताही नसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ट्यूनर "सॅटेलाइट" करायचा, वायर जोडायची, शोध लावायचा. रिमोटही एकच. अंगभूत ट्यूनरच्या टीव्हीसाठी बीआयएसनं (भारतीय मानक ब्युरोनं) २०२२ मध्ये आयएस १८११२ हे मानक काढलं, ते याचसाठी.

तसं निघालं तर बॉक्स एकच घ्यायचा, तो पिक्चर ट्यूबसाठी. तिथं मात्र माझ्या मते साडेसहाशेवाला चालून जाईल. जुन्या टीव्हीला एचडी काय करायचं?

---

तरंगलांबी:

इथे मी सहमत नाही. एमपेग-४ चा आणि पडद्याच्या जुनेपणाचा काही संबंध नाही. वाहिनी त्या पद्धतीने दाबून पाठवलेली असते, ती उलगडायचं काम बॉक्सचं. उलगडल्यावर पिवळ्या पिनमधून निघणारं चित्र जुन्या टीव्हीला चालतंच. उलट साडेसहाशेचा घेतला तर दोन टीव्हींवर वाहिन्यांच्या दोन वेगळ्या याद्या होतील आणि फोन तुम्हाला येतील.

ट्यूबच्या टीव्हीसाठी पाहायचं ते एव्ही आउटपुट. अलीकडच्या लहान बॉक्सना तीन रंगांची भोकं नसतात. एकच बारीक, हेडफोनसारखं भोक असतं आणि सोबत तीन तोंडांची वायर येते. ती वायर बॉक्ससोबतचीच वापरा. दिसायला सारखी असली तरी वेगवेगळ्या बॉक्समध्ये आतल्या कड्यांचा क्रम वेगळा असतो. बाहेरची वायर लावली की टीव्हीच्या स्पीकरमधून घरघर ऐकू येते आणि चित्र लाल पिनमधून निघतं. तसं झालंच तर टीव्हीकडच्या तीन पिना अदलाबदल करून बघा. जमीन (ग्राउंड) वेगळ्या कडीवर असेल तर तेही जमत नाही.

---

वऱ्हाडी_वायरमन:

बरोबर, माघार घेतो.

पॉवरबद्दल सांगतो, कारण तुमच्याकडं लाईट जाते. बॉक्स दोन तऱ्हेचे. एकात २३० व्होल्टचा सप्लाय आतच असतो. दुसऱ्याला बाहेरून १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. दुसरा घ्या. स्वस्त बॉक्समध्ये पहिल्यांदा मरतो तो सप्लाय. आतल्या कॅपॅसिटरचं डोकं फुगतं, मग बॉक्स चालू-बंद, चालू-बंद होत राहतो किंवा लोगोवरच अडकतो. अ‍ॅडॉप्टर बाहेर असेल तर दीडशे-दोनशेत नवा लावून मोकळं. फक्त १२ व्होल्ट अन् किमान १ अँपिअर पाहा, दीड असेल तर उत्तम. बॉक्स एलएनबीलाही त्यातूनच वीज देतो, त्यामुळे अर्ध्या अँपिअरचा लावला तर मेनू दिसतो, सिग्नल येत नाही.

दुसरा फायदा असा की १२ व्होल्टची बॅटरी असली तर बॉक्स थेट तिच्यावर चालतो. ७ अँपिअर-तासाच्या लहान बॅटरीवर नुसता बॉक्स चार-पाच तास सहज निघतो. टीव्हीचा भार वेगळा. सोलरवर चार्ज होत असताना मात्र बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते, तेव्हा मध्ये १२ व्होल्टला स्थिर करणारा कन्व्हर्टर टाका. पिनच्या आतली बाजू धन असते का, हे अ‍ॅडॉप्टरवरच्या चित्रात पाहून घ्या. उलटं जोडलं तर धूर.

---

डिशदुरुस्ती_सातारा:

सगळे बॉक्सवर बोलताहेत, पण निम्म्या तक्रारी छपरावर असतात. बसवणी नीट लिहून ठेवतो.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. संगमेश्वरहून ती दिशा उत्तरेपासून साधारण १२९ अंश, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला. उंची क्षितिजापासून ५९-६० अंश. (पुण्याला १३२ आणि ५९, नागपूरला १४४-१४५ आणि ६०, पणजीला १२७ आणि ६१.) मोबाईलमधलं होकायंत्र पत्र्याच्या छपरावर आणि लोखंडी पाइपाजवळ खोटं बोलतं. अंगणात उतरून दिशा घ्या, समोर लांबवरची एखादी खूण हेरा आणि वर जाऊन तिच्याकडे डिश फिरवा.

डिश "६० अंश" वर पाहतेय असं डोळ्याला दिसणार नाही. ऑफसेट डिशची (जिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या काठाकडे असतो, तिची) ताटली दिसते त्यापेक्षा २२ ते २६ अंश जास्त वर बघत असते. त्यामुळे ताटली उभ्यापासून ३५ अंशांच्या आसपासच मागे झुकलेली दिसेल. नवखे लोक तिला आकाशाकडे उताणी टाकतात आणि दिवसभर शोधत बसतात.

माडांचं गणित सोपं आहे. या उंचीला डिशपासून एक मीटर लांब असलेलं झाड डिशपेक्षा १.७ मीटर वर गेलं तरच आड येतं. माडाचा शेंडा डिशहून १२ मीटर वर असेल तर तो सात मीटरहून लांब हवा. झावळ्या हलतात म्हणून नऊ धरा. बरोबर पूर्वेचा माड बहुधा आड येत नाही, आग्नेयेचा येतो.

पाइप ओळंब्यात हवा. तो कलता असेल तर डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत जाते आणि हाताला काही लागत नाही.

बॉक्सच्या मेनूत एलएनबी "युनिव्हर्सल ९७५०/१०६००", २२ के (एलएनबीला पट्टा बदलायला लावणारा इशारा) "ऑटो" किंवा "बंद", डायसेक (अनेक एलएनबींमध्ये निवड करणारा स्विच) "बंद". ट्रान्सपाँडर (उपग्रहावरून येणारी एक लहर, तिच्यात अनेक वाहिन्या) ११०९०, व्ही (उभी लहर), सिम्बॉल रेट २९५००. आता नेमकी मेख. २२ के "चालू" राहिलं तर एलएनबी वरच्या पट्ट्याला, म्हणजे १०६०० ला उडी मारतो. एलएनबी आपला आकडा वजा करून उरलेली वारंवारता बॉक्सला देतो, मग ११०९० मधून १०६०० वजा होऊन ४९० उरतात. बॉक्सचा ट्यूनर ९५० च्या खाली ऐकतच नाही. ९७५० असताना १३४० येतात, ते बरोबर. काही डीटीएच कंपन्यांचे जुने एलएनबी फक्त १०६०० चे असतात, त्यांचंही हेच होतं. म्हणून छपरावरचा एलएनबी चालला नाही तर दोन-तीनशेचा युनिव्हर्सल लावा, डोकं खाजवत बसू नका.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथकडे बघायचंच नाही. एलएनबीला वीज मिळाली की ती पट्टी ६०-७० वर जाते, डिश भिंतीकडे असली तरी. क्वालिटी शून्यावरून हलली की समजायचं काहीतरी सापडलं. डिश एका वेळी बोटभरच सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा, बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो.

अजून एक फसगत. ९५ अंशांवर एसईएस-८ हा उपग्रह शेजारीच आहे, फरक दीड अंशाचा. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत तीन अंशांहून थोडा रुंद असतो, त्यामुळे दोन्ही एकदम आत येतात. डिश दोघांच्या मध्ये बसली तर चित्र येतं, पण पहिल्या पावसाला फुटतं. क्वालिटी सर्वांत वर गेल्यावर तिथेच थांबू नका. अजून पुढे न्या, उतरू द्या, मागे आणा, दोन्ही उतारांची मधली जागा धरा.

शेवटी एलएनबीचा पीळ. आपण उपग्रहाच्या बरेच पश्चिमेला आहोत. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे पाहिलं तर एलएनबी घड्याळाच्या उलट फिरवावा लागतो. हिशोबाने कोकणात आणि पुण्याला ४५ अंशांच्या आसपास, नागपूरला ३३. हा झाला पहिला अंदाज, तिथून थोडा इकडे-तिकडे फिरवून क्वालिटी पाहा. वायर सरळ खाली लोंबत असलेला एलएनबी दिसला की बसवणाऱ्याने हे केलेलंच नाही समजा. नट आवळताना एक पूर्ण, मग दुसरा असं करू नका, आलटून-पालटून थोडे थोडे, नाहीतर आवळताना डिश खेचली जाते.

---

खारेवारा:

कोकणातलं म्हणून पुरवणी जोडतो. इथे बॉक्सच्या आधी एफ कनेक्टर (वायरीच्या टोकाचा आट्यांचा जोड) मरतो. आरजी-६ वायर सोलताना जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला चिकटला तर "एलएनबी शॉर्ट" असा संदेश येतो किंवा बॉक्स बंदच पडतो. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर हवी. कमी असेल तर आत टेकत नाही, जास्त असेल तर सॉकेटची जीभ मोडते. वर सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी) टेप ताणून गुंडाळा. साधी काळी टेप दोन पावसाळ्यांत सुटते.

वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, पाणी तिथून ठिबकून जातं. नाहीतर वायरीच्या अंगाने थेट बॉक्सपर्यंत येतं, मी सॉकेटमध्ये हिरवी बुरशी आलेले बॉक्स पाहिलेत. वायर २५-३० मीटरपर्यंत चालते, मध्ये जोड नको. "सिग्नल वाढवणारा" डबा तर अजिबात नको. तो गोंगाटही तेवढाच वाढवतो.

सकाळी दव असताना चित्र फुटतं आणि दहानंतर सुधारतं, अशी तक्रार आली तर एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी बघा. उन्हाने तडकलेली असते.

विजांचा गडगडाट सुरू झाला की वायर बॉक्समधून काढून ठेवायची. बटण बंद करून उपयोग नाही.

---

धामणीकर:

एलईडीच्या मागे आट्यांचं सॉकेट आहे, "१३/१८ व्ही" लिहिलेलं! म्हणजे बॉक्स एकच. दोन वायरी कशा आणायच्या? आणि "अधिकृत" बॉक्स म्हणतात तोच घ्यायला हवा का? क्रिकेटचं काय?

---

तरंगलांबी:

दोन टीव्हींसाठी दोन तोंडांचा, म्हणजे ट्विन एलएनबी घ्या आणि तो युनिव्हर्सलच आहे याची खात्री करा. दोन तोंडांतून दोन स्वतंत्र वायरी, एक एलईडीला, एक बॉक्सला. कोणी काय बघायचं याचं भांडण नाही. एक तोंड मोकळं ठेवायचं झालं तर त्यावर रबरी टोपी हवी.

अधिकृत बॉक्समध्ये आयकॅस ही प्रसार भारतीने स्वीकारलेली कूटप्रणाली (वाहिन्यांना कुलूप घालायची पद्धत) असते. महिन्याचं भाडं त्यालाही नाही. जवळपास मिळत असेल आणि फरक शंभर-दोनशेचा असेल तर जरूर घ्या. नाहीतर साधा एमपेग-४ चा बॉक्सही काम देतो. कुठलाही घ्या, खालच्या लेबलवर बीआयएसची खूण आणि "आर" ने सुरू होणारा क्रमांक हवा. अ‍ॅडॉप्टरवरही. "सर्व्हर"वर सगळ्या पैशांच्या वाहिन्या फुकट देतो म्हणणारा बॉक्स बेकायदा आहे आणि तो सर्व्हर बंद पडला की बॉक्स साधाच उरतो.

क्रिकेटसाठी डीडी स्पोर्ट्स. जे सामने दूरदर्शनला कायद्याने वाटून मिळतात तेवढेच. आयपीएलची आशा धरून डिश बसवू नका.

आणि खासगी वाहिन्यांवर फार विसंबू नका. त्यांच्या जागा लिलावाने जातात आणि बहुतेक करार ३१ मार्चला संपतात. १ एप्रिलला आवडती मराठी वाहिनी गायब झाली तर डिशला हात लावायचा नाही. मेनूत "ब्लाइंड स्कॅन" द्यायचा, पाच-दहा मिनिटांत नवी यादी तयार.

---

डिशदुरुस्ती_सातारा:

डिशला हात लावू नका, याचं अजून एक कारण आत्ताच सांगून ठेवतो. मार्चच्या मध्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटं चित्र जातं आणि आपोआप परत येतं. दर वर्षी या आठवड्यात कोणीतरी शिडी लावतोच.

जोरदार सरीत चित्र गेलं तर सर ओसरेपर्यंत थांबा, केयू बँडचा (फ्री डिश ज्या लहरींवर येते त्या पट्ट्याचा) तो स्वभावच आहे. रिमझिम पावसातही जात असेल तर मात्र डिश मधोमध बसलेली नाही. ६० ऐवजी ७५-९० सेंटिमीटरची डिश लावूनही फरक पडतो, पण वाऱ्याला तेवढा जाड पाइप लागेल.

---

धामणीकर:

बॉक्स दुकानात तपासता येतो का? तिथे डिश नसेल तर?

---

वऱ्हाडी_वायरमन:

डिश नसली तरी पुष्कळ कळतं. बॉक्स लावा, दुकानातल्या टीव्हीवर एव्ही आणि एचडीएमआय दोन्हीचं चित्र पाहा. मेनूत एलएनबीची सेटिंग, "ब्लाइंड स्कॅन", अन् स्वतः ट्रान्सपाँडर भरायची सोय आहे का ते उघडून पाहा. तीच नसेल तर परत ठेवा. मल्टिमीटर असेल तर वायरीच्या मधल्या तारेवर, "व्ही" निवडून, १३ व्होल्टच्या आसपास यायला हवेत, "एच" केल्यावर १८. हे बदलत नसेल तर एलएनबीचा सप्लाय गेलेला आहे.

दहा मिनिटं चालू ठेवून वरून हात लावा. कोमट ठीक, चटका नको. रिमोट दहा फुटांवरून अन् तिरपा धरून दाबा. आईवडिलांना लागणारी बटणं आवाज अन् वाहिनीची, तीच बारीक असतील तर दुसरा रिमोट मागा. पॅरेंटल लॉकचा आकडा बहुधा ०००० असतो, तो तिथंच विचारून डब्यावर लिहून आणा.

---

खारेवारा:

आणि सुटे एफ कनेक्टर चार जास्तीचे घ्या. दहा-दहा रुपयांचे मिळतात, पण पावसाळ्यात ऐन वेळी संगमेश्वरला उतरायला एसटीचं भाडं त्याहून जास्त.